शून्याची राखण

गटात त्याला सगळे 'कुलूप' म्हणायचे. नाव ठेवलं गेलं थट्टेनं, पण चिकटलं ते कायमचं, कारण माणूसच तसा होता. विचारल्याशिवाय बोलायचा नाही आणि विचारलं तर 'बघू' म्हणायचा. त्याची आई सांगायची, "पोटात होता तेव्हासुद्धा यानं धड लाथ मारली नाही. मला वाटायचं, आहे की नाही हा आत." अशा माणसाच्या हाती गुपित द्यावंसं कुणालाही वाटलं असतं, तसं ते बाईंनाही वाटलं.

बाई म्हणजे गटाच्या प्रमुख. गट खगोलशास्त्रज्ञांचा, पाच-सहा जणांचा, संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून असलेल्या दोन खोल्यांतला. कुलपाची बायकोही त्याच गटात होती. खरं तर सगळं काम तिचंच. तो आपला संगणक आणि आकड्यांची व्यवस्था बघायचा. प्रश्न तिचा, निरीक्षणं तिची, शोधनिबंधावर पहिलं नाव तिचं.

प्रश्न समजायला काही अवघड नाही. काही दीर्घिकांमध्ये, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट समूहांमध्ये, तारे जन्माला घालायचा नुसता सपाटा चाललेला असतो. त्यातले जे अंगानं थोराड, ते फार जगत नाहीत. भराभर जळतात आणि फुटतात. एका ठिकाणी इतके तारे फुटायला लागले की भोवतीचा वायू तापतो, ढकलला जातो आणि सेकंदाला शेकडो किलोमीटरच्या वेगानं दीर्घिकेबाहेर उधळला जातो. आता गंमत अशी की तारे बनतात ते याच वायूचे. म्हणजे घरचं धान्य घरच्यांनीच खिडकीतून बाहेर फेकायचं. जोरात तारे घडवणाऱ्या दीर्घिका असं करतात याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. भांडण होतं ते शांत दीर्घिकांवरून. ज्या बेताबेतानं, चवीपुरतेच तारे घडवतात, त्यांच्यातूनही वायू गळतो का? एक पक्ष म्हणायचा, सगळ्याच गळतात. ती म्हणायची, मोजल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही.

मोजायचं कसं, तर दीर्घिकेच्या प्रकाशात सोडियमची एक रेघ दिसते, पिवळ्या रंगात. रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यात असतो तोच हा सोडियम. दीर्घिकेच्या पुढ्यातला वायू तिच्यातून निघून आपल्या दिशेनं येत असला, तर ही रेघ किंचित निळ्याकडे सरकते. किती सरकली ते मोजलं की वायूचा वेग कळतो. फक्त दीर्घिका स्वतः किती वेगानं चालली आहे ते आधी ठाऊक हवं, आणि ते वेग त्यांनी रेडिओ दुर्बिणीवाल्यांकडून घेतले होते.

इथे या लोकांची एक रीत आहे. माणसाला जे हवं असतं तेच त्याला दिसायला लागतं, हे त्यांनी स्वतःच्याच अनुभवानं ओळखलंय. म्हणून उत्तर झाकून ठेवायचं. गटातल्या एकानं दीर्घिकांच्या वेगांत गुपचूप एक आकडा मिसळायचा, सगळ्यांत तोच. मग मोजणारा मोजत राहतो, कुणाचा वायू कुणापेक्षा जोरात आहे ते त्याला कळतं, पण शून्य कुठे आहे ते कळत नाही. सगळं तपासून झालं की एके दिवशी चारचौघांत आकडा सांगायचा, तो वजा करायचा आणि जे येईल ते छापायचं. त्यानंतर कशाला हात लावायचा नाही. याला ते 'डबा उघडणं' म्हणतात.

आकडा कुणी निवडायचा असा विषय निघाला तेव्हा तीच म्हणाली होती, "माझ्या नवऱ्याकडेच द्या. इतकी वर्षं संसार करतेय, मला काही त्याच्याकडून कळलेलं नाही." सगळे हसले आणि तसंच ठरलं. कुठे लिहायचा नाही, डोक्यातच ठेवायचा. रेडिओवाल्यांकडून मूळ वेग पुन्हा मागवायचे नाहीत. त्यानं सत्तेचाळीस हा आकडा घेतला. का, तर त्या सकाळी दंतवैद्याकडे त्याचा नंबर सत्तेचाळीसावा होता.

घरी आईला हे सगळं समजावून सांगितलं. तेव्हा ती सुनेला म्हणाली, "म्हणजे तू दोन वर्षं राबणार, आणि उत्तर याला आधीपासून ठाऊक?"

"उत्तर नाही आई, फक्त शून्य."

"तेच ते. माझ्या वेळी नवरे पगार लपवायचे. तुमचं बरं आहे, शून्य लपवता."

आता घोडं कुठे पेंड खात होतं ते ऐका. दर शुक्रवारी ती गटाला आलेख दाखवायची. त्यात शांत दीर्घिका सेकंदाला एकशे तीस किलोमीटरच्या आसपास बसल्या होत्या आणि जोरात तारे घडवणाऱ्या दांडगट दीर्घिका त्याच्या वर, खूप वर. इतरांना त्या एकशे तीसचा अर्थ लागणं शक्य नव्हतं. त्याला लागत होता. एका शुक्रवारी त्यानं सहज मनातल्या मनात सत्तेचाळीस वजा केले. त्र्याऐंशी उरत होते.

या धंद्यात त्र्याऐंशी हा बदनाम आकडा आहे. प्रकाशाची लहर पोकळीत असते त्यापेक्षा हवेत किंचित आखूड असते. म्हणून रेघा मुळात कुठे असतात ते सांगणारी कोष्टकंही दोन, एक हवेतलं आणि एक पोकळीतलं. हवेतल्याच्या जागी पोकळीतलं वापरलं की काहीही हललेलं नसताना सगळं सेकंदाला त्र्याऐंशी किलोमीटरनं आपल्याकडे येताना दिसतं. म्हणजे जिथं वारा नाही तिथं वारा. या खड्ड्यात बहुतेकांनी कधी ना कधी पाय घातलेला असतो, आणि दुसऱ्याचा पाय त्यात गेला की हसायलाही तेच पुढे असतात. ती आधी ज्या यंत्रावर काम करायची ते आकडे पोकळीतले द्यायचं. नवं यंत्र देत होतं हवेतले. कोष्टक तिनं सवयीनं जुनंच ठेवलं होतं.

त्यानं तिला सांगावं तर पंचाईत. 'कोष्टक बघ' एवढं जरी म्हटलं, तरी याला त्र्याऐंशी उरलेले दिसले हे तिनं ओळखलं असतं, आणि एकशे तीसमधून त्र्याऐंशी वजा करायला तिला डोळे मिटायचीसुद्धा गरज नव्हती. शून्य तिच्या हातात, डबा उघडा आणि दोन वर्षांची झाकपाक पाण्यात. आणि न सांगावं तर दहा दिवसांवरच्या सोमवारी, डबा उघडायच्या दिवशी, बाहेरचे पाहुणे बसलेले असताना पडद्यावर त्र्याऐंशी उमटणार. कुणीतरी मिनिटाभरात म्हणणार, ही तर हवा आहे. उघडलेल्या डब्याला हात लावायचा नाही ही रीत. आणि त्या सोमवारनंतर लगेच गुरुवारी तिची मुलाखत होती, संस्थेतल्या एकुलत्या एका कायम जागेसाठी.

त्या जागेचं महत्त्व घरात सगळ्यांना पुरतं ठाऊक होतं. लग्नानंतरची पहिली सहा वर्षं दोघं दोन गावांत राहिली होती, सुट्ट्या जुळवत, फोनवर भांडत. आता कुठे एका छपराखाली आली होती. ही जागा मिळाली नाही तर दूरच्या वेधशाळेतलं वर्षा-वर्षाचं काम तिची वाट बघत होतं, म्हणजे पुन्हा दोन गावं. हवा आणि पोकळी यांतला फरक न कळलेल्या उमेदवाराला समिती जागा देणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको.

त्यानं आडून आडून सुचवून पाहिलं.

"एकदा मुळापासून बघून घे," तो जेवताना म्हणाला.

"काय मुळापासून?"

"सगळंच."

"सगळंच म्हणजे काय? शाळेत जाऊन बसू का पुन्हा?"

यावर त्यानं मान खाली घालून भात कालवायला घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, वेगळ्या शब्दांत. तिसऱ्या दिवशी तो काही बोलला नाही, पण ताटावर बसून तिच्याकडे असा बघत राहिला की आईनं विचारलं, "तुला बरं नाही का रे?"

तिनं चमचा खाली ठेवला. "आई, याला बरं आहे. याच्या डोक्यात आकडा आहे आणि तो आता चेहऱ्यावर यायला लागलाय." मग त्याच्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "माझ्या कामात काहीतरी खटकलंय तुला. हो की नाही ते सांगू नकोस. पण तुझा चेहरा बघून मी शोधायला लागले तर ते माझं शोधणं होणार नाही. सोमवारपर्यंत तू ताईकडे जाऊन राहा. शेवटची तपासणी मला माझ्या पद्धतीनं करू दे."

नवऱ्याला घराबाहेर काढायचं कारण म्हणून हे ऐकायला विचित्र वाटेल, पण त्याला ते पटलं. रजा टाकून, बॅग भरून तो मोठ्या बहिणीकडे गेला.

ताईनं दार उघडलं, बॅगेकडे बघितलं आणि म्हणाली, "भांडलात?"

"नाही. माझा चेहरा चालेना."

"तो तर आम्हाला लहानपणापासून चालत नाही," ताई म्हणाली आणि त्याला कपडे ठेवायला कपाटाचा एक खण रिकामा करून दिला.

तिथे त्याला काही काम नव्हतं, आणि रिकाम्या डोक्यात नको ते शिरतं म्हणतात ते खोटं नाही. शिरलं ते असं: आकडा सत्तेचाळीसच आहे हे जगात कुणाला माहीत आहे? फक्त त्याला. त्यानं सोमवारी उभं राहून सत्तेचाळीसऐवजी एकशे तीस म्हटलं तर? तिची चूक आणि त्याचं खोटं एकमेकांना खाऊन टाकणार. शांत दीर्घिका शून्यावर येणार, जिथं त्या खऱ्याच आहेत. दांडगट दीर्घिकांचा वेग खरा तेवढाच येणार. छापून येईल ते अक्षरन् अक्षर खरं. कुणाचं नुकसान नाही, कुणाला पत्ता नाही, आणि गुरुवारी ती ताठ मानेनं मुलाखतीला जाणार. कोष्टक मागाहून कधीतरी गुपचूप दुरुस्त करता येईल. त्यानं हा हिशेब मनात इतक्या वेळा फिरवला की तो त्याला अगदी सरळ वाटायला लागला.

डबा उघडायच्या आधीच्या गुरुवारी दुपारी ताईकडे फोन वाजला. ताई हात पुसत आली. "तुझ्या बायकोचा आहे. घे."

त्याचा हात पुढे गेला आणि थांबला. त्याला वाटलं, आवाजावरूनही तिला कळेल. "झोपलोय म्हणून सांग," तो कुजबुजला.

ताईनं डोळे वटारले, पण सांगितलं. थोडं ऐकून घेतलं, हसली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"काही नाही, उठला की फोन करायला सांगा म्हणाली. खुशीत होती बाई. तुम्हा दोघांचं मला काही समजत नाही."

खुशीत होती म्हटल्यावर त्याला भरूनच आलं. म्हणजे तपासणी संपली आणि तिला काही सापडलं नाही, असा अर्थ त्यानं काढला. बिचारी खुशीत आहे आणि सोमवारी तोंडघशी पडणार आहे. त्यानं फोन केला नाही. एकशे तीस, हे त्या दुपारीच पक्कं झालं.

सोमवारी सकाळी मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. बाई पुढे, गटातले लोक बाजूला, बाहेरून आलेले तिघं पाहुणे मागच्या रांगेत, त्यातले एक गृहस्थ येत्या गुरुवारच्या निवड समितीतले. ती पडद्याजवळ उभी होती. आठवड्यानं तो तिला बघत होता. तिनं त्याच्याकडे बघून भुवया उडवल्या, फोनबद्दल रागावल्यासारखं केलं आणि हसली. त्याला तिच्याकडे फार वेळ बघवलं नाही.

"आधी आकडा, मग चर्चा," बाई म्हणाल्या. त्यांचा तो शिरस्ताच होता. "हं, कुलूप, उघडा."

तो उभा राहिला. "एकशे तीस," तो म्हणाला. आवाज अजिबात कापला नाही, याचं नंतर त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

तिनं आकडा टाकला. पडद्यावरचे सगळे ठिपके एकदम खाली सरकले. ते शून्यावर थांबले नाहीत. शून्याच्या खाली गेले आणि तिथं एका ओळीत बसले.

खाली म्हणजे उलटा वेग. शांत दीर्घिकांमधून वायू बाहेर पडत नव्हता, सगळ्यांमध्ये आत कोसळत होता, आणि तोही एकजात एकाच वेगानं, सेकंदाला त्र्याऐंशी किलोमीटर.

समितीतले गृहस्थ मागून म्हणाले, "त्र्याऐंशी? हवेचं कोष्टक तपासलंत का?"

"तपासलंय," ती म्हणाली. आवाज सपाट होता. "माझ्याकडे चुकीचं कोष्टक होतं. गेल्या गुरुवारी सापडलं आणि मी ते बदललं. पोकळीतलं काढून हवेतलं घातलं. त्यामुळे आता हे त्र्याऐंशी माझ्याकडून आलेले नाहीत."

मग ती वळली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. एकशे तीसमधून त्र्याऐंशी वजा करायला तिला डोळे मिटायचीसुद्धा गरज नव्हती. तिच्या चेहऱ्यावर एकेक पायरी चढत गेलेली त्याला दिसली: आकडा काय असणार, त्यानं काय सांगितलं आणि का सांगितलं. तो अजून उभाच होता. आपण हिच्यासाठी चांगलं काहीतरी करतोय असं आठवडाभर वाटत होतं, आणि आता त्याला त्याचीच लाज वाटली.

"आकडा सत्तेचाळीस आहे," तो म्हणाला. "मी खोटं सांगितलं. तिची चूक मला दिसली होती. ती झाकली जावी म्हणून आकडा बदलला. ती सापडून दुरुस्त झाली आहे हे मला माहीत नव्हतं. तिला यातलं काहीही माहीत नाही."

तिनं सत्तेचाळीस टाकले. ठिपके वर सरकले आणि शांत दीर्घिका शून्यावर येऊन बसल्या, एकसुद्धा गळत नव्हती. दांडगट दीर्घिका वर तशाच उधळत होत्या, कुणी तीनशेनं, कुणी चारशेनं. एवढं स्वच्छ उत्तर त्या खोलीत आधी कुणी पाहिलं नसेल. पण आता त्या उत्तराकडे बघायला कुणी तयार नव्हतं.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "रेडिओवाल्यांकडून मूळ वेग आजच मागवा," त्या म्हणाल्या. "आणि हे सगळं काम दुसऱ्या गटाकडून पुन्हा तपासून घ्यायचं. आपल्या शब्दावर आता कुणी का विश्वास ठेवावा?" मग त्याला म्हणाल्या, "तुम्ही घरी जा."

घरी तो आईसमोर बसून राहिला. आईला सगळं सांगितलं, न विचारता. आई म्हणाली, "एवढी वर्षं गप्प बसलास, आणि बोललास तेव्हा हे बोललास."

बायको संध्याकाळी आली. चपला काढल्या, पाणी प्यायली आणि त्याच्यासमोर बसली. खिडकीबाहेर रस्त्यावरचा पिवळा दिवा नुकताच लागला होता.

"त्याच्यावरून सापडलं," ती दिव्याकडे बोट करून म्हणाली. "दीर्घिकेचा प्रकाश घेताना असल्या दिव्यांचा उजेडही त्यात येतो. तो आपण वजा करून फेकून देतो, कुणी बघत नाही. तुझ्या आकड्याशी त्याचा संबंध नाही. शेवटच्या तपासणीत तो बघायचं माझं आधीपासून ठरलेलं होतं. बघितला, तर रस्त्यावरचा दिवा सेकंदाला त्र्याऐंशी किलोमीटरनं माझ्याकडे येतोय. मी एकटीच हसत बसले. आधी तुलाच फोन केला."

"मला वाटलं, माझ्या आवाजावरून तुला कळेल."

"तुला काय वाटलं ते मला कळलंय. मला सापडणार नाही असं वाटलं तुला." तिनं पाण्याचा पेला बाजूला सरकवला. "तू खोटं बोललास त्याचा राग आहेच. पण ते सोडून देईन मी कधीतरी. याचं मात्र फार वाईट वाटलं रे."

त्यानं 'चुकलो' म्हटलं. ती हो म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

गुरुवारच्या मुलाखतीत तिला सोडियमबद्दल एक प्रश्न विचारला आणि नवऱ्याबद्दल चार. जागा दुसऱ्याला मिळाली. दुसऱ्या गटाची तपासणी पुरी झाल्यावर पुन्हा अर्ज करा, असं समितीनं नीट, अदबीनं सांगितलं. त्याचं नाव निबंधावरून आणि गटातून निघालं. आता तो खालच्या मजल्यावर इतरांचे संगणक दुरुस्त करतो. ती दूरच्या वेधशाळेत गेली. निघताना आईच्या पाया पडली, त्याला म्हणाली, "औषधं वेळेवर देत जा त्यांना," आणि गाडीत बसली.

तेव्हापासून तिचा फोन आला की तो पहिल्या रिंगला उचलतो, हातात काहीही असो. सुरुवातीला ती कामापुरतं बोलायची: आईची औषधं, विजेचं बिल, गळणारा नळ. मग एका दुपारी, तो एका संगणकाचं झाकण उघडून बसला होता तेव्हा, फोन वाजला. त्यानं उचलला.

"काय गं, काय काम होतं?"

"काम काही नाही," ती म्हणाली. "सापडलं, एवढंच सांगायचं होतं. ये घरी."

काय सापडलं ते त्यानं विचारलं नाही. त्या गुरुवारी ताईकडे त्यानं न घेतलेला फोनच ती आज पुन्हा करतेय, हे त्याला कळलं होतं. हातातला स्क्रू त्यानं नीट टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "बरं झालं सापडलं. मला माहीत होतं तुला सापडेल."

"खोटं बोलू नकोस," ती म्हणाली, आणि आता मात्र ती हसत होती.